लिंगओळखीचा हक्क घटनेतून येतो की जिल्हाधिकाऱ्यांच्या दाखल्यातून?

निळासावळा | ४ नोव्हेंबर २०२३, सकाळी ९.१२

येत्या २६ तारखेला, संविधान दिनाला, आमच्या तालुक्याच्या वाचनालयात अर्धा तास बोलायचं आहे. विषय मीच मागून घेतला. तयारी करताना एका ठिकाणी अडकलो आहे, म्हणून हा धागा.

सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी 'नालसा' निकालात सांगितलं की आपण पुरुष, स्त्री की तृतीयपंथी हे ठरवण्याचा हक्क त्या व्यक्तीचा स्वतःचा आहे आणि राज्याने त्याला मान्यता द्यायची आहे. आधार थेट मूलभूत हक्कांचा: अनुच्छेद १४, १५, १६, १९ आणि २१. पुढे २०१९ चा ट्रान्सजेंडर व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) कायदा आला. त्याच्या कलम ४ मध्येही स्वतःला जाणवणाऱ्या ओळखीचा हक्क लिहिला आहे. पण लगेच कलम ५ आणि ६ म्हणतात की जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करा, ओळखीचं प्रमाणपत्र घ्या. आणि कलम ७ म्हणतं की 'पुरुष' किंवा 'स्त्री' अशी नोंद हवी असेल तर शस्त्रक्रिया झाल्याचा वैद्यकीय दाखला जोडा.

माझं मत असं की जो हक्क अनुच्छेद २१ मधून येतो त्यावर आधी कुणाची सही लागता कामा नये. राज्यसभेने हे विधेयक मंजूर केलं तो दिवसही २६ नोव्हेंबर २०१९, म्हणजे संविधान दिनच. त्या दिवशी झालेल्या कामाबद्दल त्याच दिवशी बोलायचं तर नीट बोलायला हवं असं वाटतं. कायदा जाणणाऱ्यांनी, प्रशासनात काम केलेल्यांनी आणि ज्यांच्यावर हे सगळं गुदरलं आहे त्यांनी जरूर लिहा.

रानजाई | ४ नोव्हेंबर, ९.४०

उत्तम विषय. वाचतेय, नंतर सविस्तर लिहिते.

करवीरकर | ४ नोव्हेंबर, ११.०५

वकिली करतो, म्हणून निकालापासून सुरुवात.

न्या. के. एस. राधाकृष्णन आणि न्या. ए. के. सिक्री यांचं खंडपीठ. याचिका राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची (नालसा हे नाव त्यावरूनच) आणि लक्ष्मी नारायण त्रिपाठी त्यात हस्तक्षेप अर्ज करून आल्या होत्या. त्यावेळचं वातावरण आठवा. चारच महिने आधी, ११ डिसेंबर २०१३ ला, त्याच न्यायालयाच्या दुसऱ्या खंडपीठाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं दंड संहितेतलं कलम ३७७ कायम ठेवलं होतं. एका हाताने गुन्हेगार ठरवायचं आणि दुसऱ्या हाताने ओळख मान्य करायची, अशी अवस्था २०१८ च्या सप्टेंबरपर्यंत चालली.

निकालातली पायाभरणी पक्की आहे. अनुच्छेद १४ 'व्यक्ती'ला समानता देतो, पुरुष किंवा स्त्रीला नाही. १५ आणि १६ मध्ये लिंगावरून भेदभाव नको म्हटलंय, त्यात लिंगओळखही येते असा अर्थ न्यायालयाने लावला. पेहराव, बोलणं, वागणं यांतून ओळख व्यक्त करणं हे १९(१)(क) खालचं अभिव्यक्ती स्वातंत्र्य. आणि २१ मध्ये प्रतिष्ठा. शस्त्रक्रियेची अट घालणं बेकायदेशीर आहे असंही निकालात स्पष्ट आहे.

पण एक गाठ निकालातच राहून गेली. एक निर्देश हिजड्यांना 'तृतीय लिंग' माना असं सांगतो, दुसरा निर्देश ट्रान्सजेंडर व्यक्तींना पुरुष, स्त्री किंवा तृतीय यांपैकी स्वतः ठरवू द्या म्हणतो. दोन्ही एकत्र वाचले तर निवड तिन्हींची आहे. सरकारी यंत्रणेने मात्र सोयीने पहिलाच वाचला. म्हणून आज कायद्यात 'ट्रान्सजेंडर' असा दाखला नुसत्या शपथपत्रावर मिळतो आणि 'स्त्री' किंवा 'पुरुष' म्हणायला शस्त्रक्रिया लागते. निळासावळा, तुमची अडचण इथून सुरू होते.

स्पष्टवक्ता | ४ नोव्हेंबर, १२.३०

वेगळं मत मांडतो, कुणाला दुखवायचा हेतू नाही.

ओळख मनात असते हे मान्य. पण राज्य मनात डोकावू शकत नाही, त्याला कागद लागतो. जातीचा दाखला लागतो, अपंगत्वाचा लागतो, उत्पन्नाचा लागतो. मग इथेच का नको? स्त्रियांच्या राखीव जागा, वसतिगृहं, तुरुंग, मैदानी चाचण्या हे सगळं लिंगाच्या नोंदीवर चालतं. कुणीही उठून 'मी अमुक' म्हटलं आणि राज्याने मान डोलावली, तर ज्या बायकांनी भांडून आरक्षण मिळवलं त्यांचं काय?

खानदेशी | ४ नोव्हेंबर, १३.१५

@स्पष्टवक्ता, नेमकं हेच आमच्या जळगाव जिल्ह्यात कोर्टात गेलं होतं.

भादली बुद्रुकची ग्रामपंचायत निवडणूक. एका ट्रान्सवुमनने (जन्माच्या नोंदीत पुरुष, स्वतःची ओळख स्त्री) महिलांसाठी राखीव वॉर्डातून अर्ज भरला. निवडणूक अधिकाऱ्याने बाद केला, कारण तृतीयपंथी म्हणजे महिला नव्हे. प्रकरण औरंगाबाद खंडपीठात गेलं. जानेवारी २०२१ च्या पहिल्या आठवड्यात न्या. रवींद्र घुगे यांनी तो निर्णय रद्द केला आणि महिला वॉर्डातूनच लढायला परवानगी दिली. आधार नालसाचा आणि २०१९ च्या कायद्यातल्या कलम ४ चा. मतदान झालं आणि त्या निवडून आल्या. लोकांनी पाणी, गटार, रस्ता कोण करेल ते पाहिलं.

गावात भांडणं झाली नाहीत असं म्हणत नाही. पण बायकांची जागा गेली अशी ओरड तिथल्या बायकांनी केलेली माझ्या तरी कानावर नाही.

स्पष्टवक्ता | ४ नोव्हेंबर, १३.५०

@खानदेशी, तोच निकाल माझ्याही बाजूने वाचता येतो. याचिकाकर्तीने आयुष्यभरासाठी स्त्री ही ओळख स्वीकारली आहे आणि पुढे संधी पाहून ती पुरुष होणार नाही, असं न्यायालयाने नोंदवलं आहे. म्हणजे न्यायालयालाही नुसता शब्द पुरला नाही, ठामपणाची खात्री लागली.

करवीरकर | ४ नोव्हेंबर, १४.२०

मुद्दा दमदार आहे, म्हणून नीट उत्तर देतो. न्यायालयाने जे मागितलं ते तिचं स्वतःचं निवेदन. डॉक्टर, समिती, तपासणी यांपैकी काही नाही. ठामपणे सांग आणि सांगितलेल्याला बांधील राहा, एवढंच. शपथपत्राचं कामही तेवढंच असतं. खोटं शपथपत्र केलं तर आजही गुन्हा आहे, गैरवापराला तो अटकाव पुरेसा आहे.

जातीच्या दाखल्याशी तुलना मात्र पटत नाही. जात, उत्पन्न, अपंगत्व या गोष्टी तपासायला बाहेरचा पुरावा असतो. लिंगओळखीचा पुरावा माणसाच्या सांगण्यापलीकडे कुठे शोधणार? नालसाने शरीराची कसोटी नाकारली ती याच कारणाने.

भरारी | ४ नोव्हेंबर, २२.३५

मी ट्रान्समॅन आहे. इथे बरीच वर्षं आहे, बहुतेक पावसाळी भटकंतीच्या धाग्यांवर लिहितो. आज या विषयावर लिहितोय.

कागदांचा प्रश्न बाहेरून पाहणाऱ्याला एका दाखल्याचा वाटतो. प्रत्यक्षात ती साखळी आहे. आधार, पॅन, बँक, मतदार यादी, दहावीची गुणपत्रिका, पदवी, शाळा सोडल्याचा दाखला. एका ठिकाणी नवीन नाव झालं की तिथून पुढे प्रत्येक खिडकीवर दोन वेगवेगळी माणसं उभी असतात, कागदावरचं एक आणि समोरचं एक. नोकरीच्या मुलाखतीत गुणपत्रिका पुढे केली की सगळी मुलाखत तिथेच वळते. कामाबद्दल कुणी विचारत नाही.

अर्ज केंद्र सरकारच्या पोर्टलवरून केला. फोटो, शपथपत्र, ओळखीचा पुरावा. तो टप्पा सोपा होता, आणि जिल्ह्याच्या कार्यालयातल्या बाईंनी अतिशय नीट वागणूक दिली हेही सांगतो. 'ट्रान्सजेंडर' असं प्रमाणपत्र आलं. पण मला 'पुरुष' हवं होतं, कारण मी पुरुष आहे. त्यासाठी कलम ७. तिथे रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांचा दाखला लागतो. किती शस्त्रक्रिया झाल्या म्हणजे 'झाली' म्हणायची हे कायद्यात लिहिलेलंच नाही. एका रुग्णालयाच्या बाकावर बसलो होतो. शिपायाने माझं जुनं, जन्माचं नाव पूर्ण, मोठ्याने पुकारलं. मी उठलो तेव्हा त्या बाकावरच्या सगळ्यांनी आधी दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिथे एका डॉक्टरने तपासणीच्या नावाखाली जे प्रश्न विचारले ते इथे लिहिणार नाही.

स्पष्टवक्ता, तुम्ही सभ्यपणे लिहिलंत म्हणून तुम्हालाच विचारतो. तुमच्या आधारवर 'पुरुष' लिहिताना कुणी तुम्हाला कपडे काढायला सांगितले होते का?

रानजाई | ४ नोव्हेंबर, २२.५०

भरारी, लिहिलंस ते फार बरं केलंस. तुझा शेवटचा प्रश्न निळासावळा यांनी जसाच्या तसा वाचनालयात विचारावा.

चिंचगुळ | ५ नोव्हेंबर, ७.३०

भरारीभाऊ, राजमाचीवर तुम्हीच ना ते, सगळ्यांच्या आधी वर पोचून पोहे करून ठेवणारे? त्या पोह्यांसाठी मी कुठल्याही कार्यालयात साक्ष द्यायला येतो. :)

गंभीरपणे: गुणपत्रिकेचं काय झालं शेवटी?

भरारी | ५ नोव्हेंबर, ८.०५

@चिंचगुळ, पोहे पुढच्या ट्रेकलाही नक्की. :) गुणपत्रिका अजून अडकली आहे. राजपत्रात नावबदल छापून आणला, प्रमाणपत्र जोडलं. शाळा म्हणते आधी वरून बदलून आणा, वरचे म्हणतात आधी शाळेचं रजिस्टर बदला.

नायबकाका | ५ नोव्हेंबर, १०.१५

महसूल खात्यात उभी नोकरी झाली, त्यामुळे टेबलाच्या पलीकडची बाजू लिहितो.

कारकून वाईट असतो असं नाही. त्याला भीती असते ती लेखापरीक्षणाची आणि चौकशीची. 'सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे' असं कुणी येऊन सांगितलं तर तो म्हणणार, मला परिपत्रक दाखवा. नालसानंतर पाच वर्षं नेमकं हेच होत होतं, निकाल होता पण खालच्या टेबलावर नमुना नव्हता. प्रमाणपत्राने निदान धरायला एक कागद दिला, एवढं श्रेय त्या कायद्याला द्यावं लागेल.

नियम सप्टेंबर २०२० चे आहेत आणि ते लोकांनी वाचायला हवेत. पहिल्या प्रमाणपत्रासाठी जिल्हाधिकाऱ्याने शपथपत्रावरच निर्णय घ्यायचा आहे, कोणतीही वैद्यकीय किंवा शारीरिक तपासणी न करता. मुदत ३० दिवस. अर्ज नाकारला तर कारण कळवायचं, त्यावर अपील करता येतं. कायदा येण्यापूर्वीच ज्यांनी अधिकृतपणे लिंगनोंद बदलून घेतली आहे त्यांना पुन्हा अर्जाची गरज नाही. कुणी तपासणीला पाठवत असेल तर अर्जासोबत नियमाची प्रत जोडा आणि पोच घ्या. पोच घेतल्याशिवाय कार्यालयाबाहेर पाऊल टाकू नका.

भरारी, रजिस्टरमध्ये दुरुस्ती करताना मूळ नोंद खोडायची नसते, शेरा लिहून त्यावर आदेशाचा क्रमांक टाकायचा असतो. शाळेला हे बदल 'चूक दुरुस्ती' वाटतात म्हणून ते घाबरतात. अर्जात 'चूक' हा शब्दच वापरू नका, 'प्रमाणपत्रानुसार नोंद अद्ययावत करणे' असं लिहा. आणि अर्ज शाळा व वरचं कार्यालय दोघांनाही एकाच दिवशी, एकमेकांच्या प्रती जोडून द्या.

भरारी | ५ नोव्हेंबर, १०.४०

काका, हे आजवर कुणीच सांगितलं नव्हतं. उद्याच करतो.

ऱ्हाईनकाठ | ५ नोव्हेंबर, १३.२०

कोलोनहून. इथला प्रवास थोडक्यात सांगते, कारण इथेही सगळं घटनेच्या न्यायालयातून पुढे सरकलं आहे.

जर्मनीत १९८० चा कायदा आहे. त्यात दोन तज्ज्ञांचे अहवाल लागतात आणि कोर्टात जावं लागतं. पूर्वी शस्त्रक्रिया आणि वंध्यत्व याही अटी होत्या. घटना न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये त्या घटनाबाह्य ठरवल्या, कारण शरीर अखंड राखण्याचा हक्क सोडला तरच ओळखीचा हक्क मिळेल असा सौदा राज्याला करता येत नाही. मग ऑक्टोबर २०१७ मध्ये, जी व्यक्ती स्त्रीही नाही आणि पुरुषही नाही तिच्यासाठी नोंदीत स्वतंत्र जागा द्या असा निकाल आला. २०१८ च्या शेवटी 'डीव्हर्स' हा पर्याय कायद्यात आला. तेव्हापासून इथल्या नोकरीच्या प्रत्येक जाहिरातीत पदनामापुढे कंसात एम/डब्ल्यू/डी (पुरुष/स्त्री/डीव्हर्स) ही तीन अक्षरं दिसतात. बेकरीतल्या विक्रेत्याच्या जाहिरातीतसुद्धा.

आता सरकारने नवीन विधेयक आणलं आहे, त्यात नोंदणी कार्यालयात स्वतः निवेदन देणं पुरेल. वाद इथेही जोरात आहेत, आणि आक्षेप अगदी स्पष्टवक्ता यांनी मांडले तेच आहेत. पण एक फरक जाणवतो. इथे वाद पुढची पायरी चढायची का यावर आहे. भारतात ती पायरी न्यायालयाने २०१४ मध्येच चढलेली होती, कायद्याने पुन्हा खाली उतरवलं. शस्त्रक्रियेची जी अट इथे २०११ मध्ये गेली ती आपल्याकडे २०१९ मध्ये लिहिली गेली याचं मला खरंच वाईट वाटतं.

स्पष्टवक्ता | ५ नोव्हेंबर, १४.००

जर्मनीची लोकसंख्या किती, आपली किती. तिथलं यंत्र वेगळं. भारतासारख्या देशात हे झेपेल का हा प्रश्न उरतोच.

करवीरकर | ५ नोव्हेंबर, १४.२५

मग नेपाळ घ्या. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००७ मध्ये, आपल्या सहा वर्षं आधी, ओळख स्वतःच्या जाणिवेवर ठरवा असं सांगितलं. २०१५ च्या त्यांच्या राज्यघटनेत लिंगओळखीसह नागरिकत्वाचं प्रमाणपत्र मिळण्याची तरतूदच आहे. पाकिस्तानच्या सर्वोच्च न्यायालयाने २००९ पासून आदेश दिले, २०१८ मध्ये तिथल्या संसदेने स्वतःच्या सांगण्यावर आधारित कायदा केला. यंदा मे महिन्यात तिथल्या शरियत न्यायालयाने त्यातली महत्त्वाची कलमं बाद ठरवली, ही त्याची दुसरी बाजू.

आणि संख्या म्हणाल तर २०११ च्या जनगणनेत लिंगाच्या रकान्यात 'इतर' अशी नोंद देशभरात सुमारे ४ लाख ८८ हजार, महाराष्ट्रात जवळपास ४१ हजार. नोंद न करणारे कितीतरी असतील. तरी यंत्रणा कोलमडेल असा हा आकडा नाही.

सीमाभाग | ५ नोव्हेंबर, १७.४५

निपाणीकडचा आहे. जरा वेगळ्या वाटेने जातो, माफ करा.

आमच्याकडे जोगते, जोगप्पा पिढ्यान्‌पिढ्या आहेत. सौंदत्तीच्या यल्लम्माला सोडलेले. चौंडकं वाजवत, डोक्यावर परडी किंवा देवीचा जग घेऊन दारात आले की माझी आजी आधी पाया पडायची, मग जोगवा घालायची. त्यांना कुणी दाखला मागितला नाही. पण त्यांना कुणी शाळेतही बसवलं नाही, शेताच्या बांधावर हिस्साही दिला नाही. मान होता, हक्क नव्हता. आणि मान देवळापुरता. संध्याकाळी एसटीत शेजारची जागा मोकळी राहायची.

या लोकांच्या नोंदीचा इतिहासही काळा आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यात एक अख्खा भाग हिजड्यांवर होता. इंग्रज सरकार त्यांची रजिस्टरं ठेवायचं, बायकी पेहराव करून रस्त्यावर नाचगाणं केलं तर अटक व्हायची. नालसा निकालातही याचा उल्लेख आहे. म्हणून आमच्या भागातल्या जुन्या गुरूंना 'नोंदणी करा' म्हटलं की ते दचकतात. कलेक्टर कचेरीच्या यादीत नाव जाणं याचा अर्थ त्यांच्या आठवणीत वेगळा आहे.

दुसरी गोष्ट घराची. हिजडा समाजात गुरू-चेला हेच घर असतं. बापाने हाकललं तेव्हा गुरूने भाकरी दिली. २०१९ च्या कायद्याचं कलम १२ मात्र रक्ताच्या कुटुंबाचाच विचार करतं, आणि त्या घरात सांभाळ होत नसेल तर न्यायालयाच्या आदेशाने पुनर्वसन केंद्र. गुरूचं घर कायद्याला दिसतच नाही. खानदेशींनी वर सांगितलेल्या खटल्याचं शीर्षक पाहा. याचिकाकर्तीचं नाव 'अंजली गुरू संजना जान' असं आहे. आपण जिथे बापाचं नाव लावतो तिथे गुरूचं. उच्च न्यायालयाच्या कागदावर ते नातं आहे, संसदेच्या कागदावर नाही.

रानजाई | ५ नोव्हेंबर, १८.३०

सीमाभाग, हा प्रतिसाद जपून ठेवते आहे.

मला आणखी एका कलमाचा राग आहे, तो इथे काढते. कलम १८. ट्रान्सजेंडर व्यक्तीवर लैंगिक अत्याचार केला तर शिक्षा सहा महिने ते दोन वर्षं. त्याच कलमात गावाबाहेर काढणं, रस्ता वापरू न देणं यांचीही तीच शिक्षा. बाईवर बलात्कार झाला तर भारतीय दंड संहितेत किमान दहा वर्षं. मी बायकांच्या समुपदेशन केंद्रात काम करते, अत्याचाराचं वजन करायला बसत नाही. पण ज्या संसदेने 'भेदभाव करू नका' असा कायदा केला तिनेच देहाची किंमत पाचव्या हिश्शावर आणून ठेवावी? अनुच्छेद १४ कुठे गेला? निळासावळा, अर्ध्या तासात हे बसवाच.

ग्राउंडवाला | ५ नोव्हेंबर, २०.१०

लातूरला पोलीस भरतीची तयारी करून घेतो. मागच्या वर्षीचं सांगतो.

भरतीच्या ऑनलाइन अर्जात दोनच पर्याय. तृतीयपंथी उमेदवार 'मॅट'मध्ये (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात) गेले, तिथे बाजूने आदेश झाला. सरकार त्याविरुद्ध उच्च न्यायालयात गेलं. डिसेंबर २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने सरकारलाच सुनावलं आणि अर्जात पर्याय द्या, फेब्रुवारीअखेर शारीरिक चाचणीचे नियम करा, असं ठरलं. नालसाला तेव्हा आठ वर्षं उलटली होती! तमिळनाडूत तर न्यायालयाच्या आदेशाने २०१५ मध्येच ट्रान्सवुमन फौजदार होण्याची वाट मोकळी झाली होती.

माझ्या मैदानावर दोघी यायच्या. पहाटे पाचला, बाकीची पोरं यायच्या आत त्यांचं धावणं संपलेलं असायचं. मी म्हटलं सगळ्यांबरोबर पळा. पहिले काही दिवस पोरं हसली, मग गोळाफेकीत एकीने सगळ्यांना मागं टाकलं आणि पोरं तिला हात कसा ठेवायचा विचारायला लागली. प्रश्न मैदानाचा नव्हता, फॉर्मचा होता.

खानदेशी | ५ नोव्हेंबर, २०.३०

@ग्राउंडवाला, बीडच्या त्या महिला शिपायाचं प्रकरणही आठवलं. २०१७ मध्ये शस्त्रक्रियेसाठी रजा मागितली तर 'महिला म्हणून भरती झाली' म्हणून नकार. पुढच्या वर्षी राज्य सरकारने परवानगी दिली आणि शस्त्रक्रियेनंतर त्याच खात्यात पुरुष शिपाई म्हणून सेवा चालू राहिली. म्हणजे ठरवलं तर होतं.

चिंचगुळ | ५ नोव्हेंबर, २१.००

प्रश्न: लग्नाचं काय? गेल्या महिन्यात समलिंगी विवाहाचा निकाल आला, त्यात ट्रान्स लोकांबद्दलही काहीतरी होतं ना?

करवीरकर | ५ नोव्हेंबर, २१.४०

होतं, आणि बातम्यांच्या गर्दीत ते झाकलं गेलं. १७ ऑक्टोबरच्या 'सुप्रियो' निकालात पाचही न्यायमूर्तींचं एका गोष्टीवर एकमत आहे. ट्रान्स पुरुष आणि स्त्री, किंवा ट्रान्स स्त्री आणि पुरुष, असं जोडपं असेल तर त्यांना आजच्याच विवाह कायद्यांखाली लग्न करता येतं.

याची वाट मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने २०१९ च्या एप्रिलमध्ये दाखवली होती. तुतिकोरीनच्या एका जोडप्याने देवळात लग्न केलं, निबंधकाने नोंदणी नाकारली. हिंदू विवाह कायद्यातली 'वधू' म्हणजे जन्माने स्त्रीच असं नाही, स्वतःला स्त्री म्हणवणारी ट्रान्सवुमनही वधूच, असं न्या. स्वामीनाथन यांनी सांगितलं. त्या वेळी २०१९ चा कायदा झालेलाही नव्हता. कलेक्टरचा दाखला नाही, तरी हक्क मान्य झाला. निळासावळा, तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर मला या निकालात दिसतं.

निळासावळा | ६ नोव्हेंबर, ८.५०

सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री सगळं पुन्हा वाचलं. सीमाभाग आणि नायबकाका यांच्यामुळे मी ज्या बाजूने विचारच केला नव्हता ती दिसली.

माझी मांडणी अशी ठरते आहे. हक्क घटनेतून येतो, दाखला हा त्या हक्काचा पुरावा. पुरावा हाताशी असावा, सोपा असावा, पण पुरावा नाही म्हणून हक्कच नाही असं म्हणता येणार नाही. पहिल्या प्रमाणपत्रापुरतं हे नियमांत बऱ्यापैकी जमलं आहे. कलम ७ मात्र नालसाशी सरळ भिडतं. करवीरकर, त्याला आव्हान दिलेलं आहे का? आणि आरक्षणाचं पुढे काय झालं? नालसात तर सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास मानून आरक्षण द्या असा निर्देश होता.

स्पष्टवक्ता | ६ नोव्हेंबर, ९.३०

भरारी, तुमच्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असं आहे, आणि ते मी रात्रभर डोक्यात घेऊन होतो.

राखीव जागांच्या बाबतीत माझी शंका कायम आहे. तुरुंग आणि वसतिगृहांसाठी स्वतंत्र, स्पष्ट नियम हवेत, ते न्यायालयांवर सोडू नयेत. पण नोंदीसाठी शस्त्रक्रिया मागणं चूक आहे, हे मी इथे लिहितो. रुग्णालयाच्या बाकावरची ती हाक कुणाच्याच वाट्याला येऊ नये.

करवीरकर | ६ नोव्हेंबर, ११.१०

@निळासावळा, हो. २०१९ च्या कायद्याला आव्हान देणाऱ्या याचिका सर्वोच्च न्यायालयात प्रलंबित आहेत. त्यात कलम ७ आहे, प्रमाणपत्राची पद्धत आहे, रानजाईंनी लिहिलेलं शिक्षेचं कलमही आहे. २०१७ च्या पुट्टस्वामी निकालात नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, त्यानंतर शरीराची माहिती दिल्याशिवाय ओळख नाही ही अट टिकवणं सरकारला जड जायला हवं.

आरक्षणाबाबत केंद्राने काही केलेलं नाही. कर्नाटकने २०२१ मध्ये सरकारी नोकरीत एक टक्का समांतर आरक्षण दिलं, म्हणजे प्रत्येक प्रवर्गाच्या आत. दलित ट्रान्स व्यक्तीला दलित म्हणूनही आणि ट्रान्स म्हणूनही लाभ मिळतो, दोन्हींतून एक सोडावं लागत नाही. समाजाची मागणी हीच आहे. नुसतं ओबीसीत टाकलं तर अनुसूचित जातीतल्या माणसाला स्वतःची जात सोडावी लागेल. महाराष्ट्रात २०२० पासून कल्याण मंडळ आहे, पण नोकरीतल्या समांतर आरक्षणासाठी अजून न्यायाधिकरणात भांडणं चालू आहेत.

स्पष्टवक्ता, तुरुंग आणि वसतिगृहांच्या नियमांबाबत तुमच्याशी सहमत. त्यासाठी वेगळा धागा काढा, मी येतो.

नायबकाका | ६ नोव्हेंबर, १२.००

निळासावळा, वाचनालयात बोलून झालं की अर्जाचा नमुना आणि नियमांची मराठी प्रत दहा-वीस जणांना वाटा. भाषणानंतर कुणीतरी कोपऱ्यात येऊन हळूच विचारतं, त्याच्या हातात कागद पडला पाहिजे. नमुना मी टाइप करून पाठवतो.

निळासावळा | ६ नोव्हेंबर, १२.२०

काका, नक्की पाठवा. झेरॉक्सचं वाचनालय बघेल. शाळेच्या रजिस्टरच्या शेऱ्याबद्दल तुम्ही भरारीला जे सांगितलंत तेही त्यात घाला, मुख्याध्यापकांना पहिल्या रांगेत बसवणार आहे.

भरारी | ६ नोव्हेंबर, १९.५५

आज दोन्हीकडे अर्ज दिले, प्रती जोडून. शाळेतून पोच मिळाली. वरच्या कार्यालयात बाबू जागेवर नव्हते, गुरुवारी बोलावलंय. काका, तिथे पोच द्यायला टाळाटाळ केली तर रजिस्टर्ड पोस्टाने पाठवलेलं चालतं का?

नायबकाका | ६ नोव्हेंबर, २०.१५

चालतं. पोचपावतीसह पाठवा आणि पाकिटावर विषय लिहा.